पांडव अटलांटात अवतरतात तेव्हा

(पालकांसमोर झालेल्या एका व्याख्यानाचे शब्दांकन)



अमेरिकेतील अटलांटा शहर. तेथील प्राचीन भारतीय कलेच्या एका संग्रहालयातच राहणारी अरू शाह नावाची बारा वर्षांची मुलगी. आई पुरातत्त्वाच्या कामानिमित्त सतत प्रवासात आणि वडिलांचा पत्ता नाही. श्रीमंत सहाध्यायांपुढे आपण उणे पडू नये म्हणून अरू सर्रास थापा मारते. एके दिवशी तिची थाप पकडण्यासाठी तिघे वर्गमित्र दारात उभे राहतात आणि त्यांना दिपवण्याच्या नादात ती संग्रहालयातील शापित मानला गेलेला भरताचा दीप उजळते. त्या क्षणी तिच्या आईसह सारे निश्चल होतात आणि 'निद्रिस्त' नावाची एक दुष्ट शक्ती मोकळी सुटते. मग अरूला कळते की, अर्जुनाचा आत्मा तिच्या ठायी पुन्हा जन्मला आहे आणि इंद्र हा तिचा पिता आहे. तिच्या सोबतीला येते मिनी. ही यमधर्माची कन्या, म्हणजे युधिष्ठिराचा आत्मा. परंतु जंतू आणि ॲलर्जी यांच्या धास्तीने सदैव व्याकुळ!

रोशनी चोक्शी यांची 'अरू शाह अँड द एंड ऑफ टाइम' ही कादंबरी 2018 साली प्रसिद्ध झाली. भारतीय पिता आणि फिलिपिनो माता यांच्या या कन्येने पुढे 2022 पर्यंत या मालेची पाच पुस्तके पूर्ण केली. ग्रीक देवतांच्या मुलांवरील 'पर्सी जॅक्सन' कथांनी गाजलेले रिक रायर्डन यांच्या नावे निघालेल्या ग्रंथमालेतील हे पहिले पुस्तक. भारतात पुस्तक पोहोचल्यावर जाणत्या घरांत पहिला प्रश्न उमटावा तो हा की, पांडव मुली कशा?

हा आक्षेप मात्र टिकणारा नाही. आत्म्याला स्त्री-पुरुष भेद नाही, ही तर आपल्याकडची प्राथमिक शिकवण. खुद्द अर्जुन अज्ञातवासाचे वर्ष बृहन्नडा होऊन विराटाच्या अंत:पुरात उत्तरेला नृत्य शिकवतो. अंबा शिखंडीच्या रूपाने परत येते. महाभारताची पुनर्कथने करणे हेही परक्यांचे धाडस नव्हे. भासाने 'ऊरुभंगा'त दुर्योधनाला उदात्त मृत्यू दिला. मराठीत इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये भीष्मांपासून कृष्णापर्यंत सर्वांची निर्भय चिकित्सा केली आणि शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने कर्णाला घराघरांत नायकपद दिले. चोक्शी यांनी घेतलेले स्वातंत्र्य याच वाटेवरचे आहे. शेवटी शब्दार्थसूची जोडताना भारतात प्रांतोप्रांती कथा बदलतात आणि ही सूची परिपूर्ण नाही, असेही त्या प्रांजळपणे सांगतात. एवढी नम्रता पुष्कळ विद्वानांत आढळत नाही.

खरी अडचण निराळी आहे. लेखिकेला आपल्या बालवाचकाच्या सहनशक्तीवर विश्वास नाही. गंभीर क्षण जवळ आला रे आला की विनोद धावत येतो. देवसभा असो वा यमलोक, दोन पाने शांततेची लाभत नाहीत. विनोद चांगला आहे, कित्येकदा फारच चांगला आहे. पण विस्मयाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. दुसरी गोष्ट प्रलयाची. निद्रिस्ताचा डाव असा की, संहारकर्त्या शिवाला जागवून काळाचाच अंत घडवायचा. आपल्या कालचक्रात लय हा सृष्टीइतकाच स्वाभाविक. लयानंतर पुन्हा सृष्टी. येथे तो एका खलपुरुषाचे कारस्थान होऊन बसतो. सिनेमाला हे सोयीचे. परंतु नटराजासमोर हात जोडणाऱ्या मुलाच्या मनात तांडव म्हणजे केवळ टाळायचे संकट, एवढेच राहिले तर काहीतरी हरवले.

मात्र जिथे लेखिका मूळ कथेवर विसंबते, तिथे पुस्तक उंची गाठते. मयासुराने पांडवांसाठी उभारलेली ती मयसभा या मुलींना परलोकाच्या वाटेवर भेटते. पांडव सोडून गेले, पुन्हा आले नाहीत, याने ती वास्तू दुखावलेली आहे. विसरलो गेलो, हे तिचे दु:ख. मागे राहिलेल्या घरालाही मन असते, ही कल्पना महासागरापलीकडे वाढणाऱ्या मुलाला किती आतवर भिडत असेल! तीच गोष्ट शेवटच्या संघर्षाची. निद्रिस्त हा अरूचा जन्मदाता निघतो. हाती इंद्राचे वज्र, समोर स्वजन, आणि तिचा हात थबकतो. कुरुक्षेत्रावर दोन सैन्यांमध्ये रथ उभा राहिला होता, तोच हा क्षण. लेखिका तो फार लवकर आटोपते. अर्जुनाला त्याच थबकण्यातून अठरा अध्यायांचे उत्तर लाभले. अरूजवळ सारथी नाही.

म्हणून पुस्तक मुलांच्या हाती द्यावे, पण महाभारत आधी किंवा सोबत सांगावे. आधीच सांगितले तर एक गंमतही हाती लागते. या मुलींना वाट दाखवायला एक चिडखोर कबुतर नेमलेले आहे. त्याचे नाव सुबला. अरू त्याला 'बू' म्हणते. तो मूळचा कोण, हे रहस्य लेखिकेने बरेच पुढे उलगडले आहे. पांडवांना द्यूतात बुडवणाऱ्याला शापापोटी पांडवांचीच पाठराखण करावी लागावी, ही कल्पना या पुस्तकातील सर्वात प्रगल्भ. अमेरिकी बालवाचक तेथे चकित होतो. आजीच्या तोंडून गांधारराज सुबल आणि त्याचा पुत्र सौबल शकुनी ही नावे ऐकलेल्या मुलाने मात्र कबुतराने आपले नाव सांगताच त्याला ओळखलेले असते.