तोच हात

बेसबॉलचा पिचर चेंडू टाकतो तो 60 फूट 6 इंचांवरून. आपल्या क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षाही थोडं कमीच. फरक एवढाच की आपला बॉलर धावत येतो. पिचर मात्र उंचवट्यावर एकटा उभा असतो आणि तो हात उचलेपर्यंत सगळं मैदान थांबलेलं असतं.

सेंट लुईस कार्डिनल्सचा डावखुरा रिक अँकील 2000 साली असा उभा राहायचा. वय जेमतेम एकवीस. त्या मोसमात त्याने 194 स्ट्राइकआउट घेतले. मग 3 ऑक्टोबरला, अटलांटाविरुद्धच्या प्लेऑफ सामन्याच्या तिसऱ्या डावात, एक चेंडू कॅचरच्या आवाक्याबाहेर गेला. पाठोपाठ दुसरा. त्या एका डावात पाच वाइल्ड पिच! 1890 नंतर असं कुणाच्या हातून घडलं नव्हतं. खांदा ठीक, कोपर ठीक. चेंडू तेवढा जागेवर पडेना.

पुढची चार वर्षं मी भरभर सांगतो, कारण ती त्याला भरभर गेली नाहीत. खालच्या लीगा, मानसोपचार, कोपराची शस्त्रक्रिया. एका सामन्याआधी भीती मारायला आपण व्होडका प्यायलो होतो, हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं. मार्च 2005मध्ये त्याने पिचिंग सोडलं. आणि म्हणाला, मी आता आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या खोलात उभा राहणारा क्षेत्ररक्षक होणार.

पंचविशीतल्या माणसाने पुन्हा बिगरीत जाऊन बसण्यासारखंच हे. खालच्या लीगांमध्ये तो बॅट धरायला नव्याने शिकला. 2007मध्ये तिथल्याच मेम्फिसच्या संघाकडून त्याने 32 होमरन मारले, आणि 9 ऑगस्टला सेंट लुईसच्या मैदानावर परतला तो फलंदाज म्हणून. त्याच रात्री, सातव्या डावात, तीन धावांचा होमरन! पुढच्या वर्षी 25. आउटफिल्डच्या लेफ्ट, सेंटर, राइट, तिन्ही जागा त्याने सांभाळल्या. पिचर म्हणून किमान दहा विजय आणि फलंदाज म्हणून किमान पन्नास होमरन असा हिशेब बेब रूथनंतर प्रथम त्याच्याच नावावर लागला.

पण मला आकड्यांपेक्षा 6 मे 2008ची डेन्व्हरमधली संध्याकाळ मोलाची वाटते. साठ फुटांवर ज्याचा चेंडू भरकटायचा, तो आता सेंटर फील्डच्या पार खोलात उभा. खेळाडूला आपण नेहमी सांगतो, ‘लक्ष दे.’ अँकीलचं काय बिघडलं होतं? माझ्या मते, लक्षच फार होतं. इथे लक्ष द्यायला सवड नव्हती. चेंडू कुंपणाकडे गेला, फलंदाज तिसऱ्या बेसकडे धावत सुटला. उचलायचा आणि फेकायचा. चेंडू टप्पाही न घेता थेट तिसऱ्या बेसवर. धावणारा बाद. आठव्या डावात त्याने तसंच आणखी एकाला तिथेच बाद केलं.