पिंजऱ्यातून सुटलेले पाखरू : हाउस फिंच

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हिवाळ्याच्या दिवसांत पुष्कळ घरांच्या अंगणात दाणे भरलेली एक नळी टांगलेली दिसते. बाहेर बर्फ पडत असते, झाडे निष्पर्ण झालेली असतात आणि त्या नळीच्या भोकांशी निरनिराळ्या पाखरांची गर्दी उसळलेली असते. या गर्दीत चिमणीएवढे, कपाळावर आणि छातीवर लाली असलेले एक पाखरू हमखास असते. सूर्यफुलाची बी चोचीत फिरवून तिचे टरफल ते शांतपणे खाली टाकीत असते आणि दुसरा पक्षी जवळ आला तरी सहसा जागा सोडीत नाही. त्याचे नाव हाउस फिंच. शास्त्रीय नाव हेमोऱ्हस मेक्सिकॅनस. न्यूयॉर्क, बोस्टन, वॉशिंग्टन अशा पूर्वेकडील शहरांत ते इतके परिचित आहे की, ते तेथले मूळचे रहिवासी नाही असे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. परंतु १९४० पूर्वी त्या संपूर्ण पूर्व किनाऱ्यावर मोकळा फिरणारा हाउस फिंच नव्हता.

फिंच या शब्दाने थोडा घोटाळा होतो. जाड, शंकूसारख्या चोचीच्या आणि दाणे टिपणाऱ्या कोणत्याही लहान पक्ष्याला हे नाव देण्याची युरोपियनांची जुनी सवय आहे. मुनिया, चिमणी व सुगरण यांच्या चोची तशाच असल्या तरी ती घराणी निराळी. हाउस फिंच हा खऱ्या फिंचांच्या घराण्यातला. त्याचा एक दूरचा भाऊबंद दर हिवाळ्यात हिमालय ओलांडून भारतात उतरतो व दख्खनपर्यंत येतो. इंग्रजीत त्याला रोझफिंच म्हणतात, हिंदीत तुती. दोघांच्या नरांची लाली इतकी सारखी की पूर्वीच्या पक्षिशास्त्रज्ञांनी दोघांना एकाच वंशात घातले होते. पुढे आनुवंशिक परीक्षणातून असे दिसून आले की, हे साम्य वरवरचे आहे. तेव्हा २०१२ मध्ये अमेरिकेतील तीन जातींचा वंश वेगळा काढण्यात आला.

या तीन जाती म्हणजे हाउस फिंच, पर्पल फिंच आणि कॅसिन फिंच. पक्षिनिरीक्षणाची नुकतीच गोडी लागलेल्या माणसाची पहिली परीक्षा बहुधा यांच्यापाशीच होते. नावांवर विसंबून चालत नाही. पर्पल फिंच जांभळा नसतो. पाणी घातलेल्या कोकमाच्या आगळाशी त्याचा रंग अधिक जुळतो. परंतु रंगाच्या छटेपेक्षा तो रंग अंगावर कोठवर पसरला आहे हे पाहणे अधिक भरवशाचे. हाउस फिंचच्या नराची लाली कपाळ, भुवई, गळा, छाती आणि शेपटीच्या मुळावरचा भाग एवढ्यापुरतीच असते. डोक्याचा माथा व गाल तपकिरीच राहतात, पाठही तपकिरी. पर्पल फिंचच्या नराचा गुलाबी रंग मात्र डोक्यावरून पाठीवर व पंखांवरही ओघळलेला असतो. दुसरी खूण पोटाच्या दोन्ही बाजूंची. हाउस फिंचच्या कुशीवर तपकिरी रेघा ठळक असतात. पर्पल फिंचची कूस पुष्कळशी स्वच्छ असते. कॅसिन फिंच पश्चिमेकडील पर्वतांतील सूचिपर्णी वृक्षांचा रहिवासी. त्याचा माथा लालभडक आणि छाती फिकट गुलाबी, त्यामुळे टोपी घातल्यासारखा भास होतो. त्याची चोच लांबट असून तिची वरची कड सरळ असते. हाउस फिंचची तीच कड गोलसर वाकलेली असते.

खरी कसोटी लागते ती माद्यांच्या बाबतीत. हाउस फिंचच्या मादीला लाली नाही की कोणताही नखरा नाही. अंगभर राखी-तपकिरी रंग, त्यावर शाई फुटल्यासारख्या पुसट रेघा आणि चेहरा अगदी कोरा. हा कोरेपणा हीच तिची ओळख. पर्पल फिंचच्या मादीच्या डोळ्यावरून एक पांढरी पट्टी जाते, गालावर गडद डाग असतो, आणि छातीवरच्या रेघाही रेखीव असतात. कोवळे नरही पहिल्या पिसांत मादीसारखेच दिसतात; म्हणून मादीसारखे दिसणारे प्रत्येक पाखरू मादीच असेल असे नाही.

आता या लालीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण या पक्ष्याच्या चरित्रात तिला फार महत्त्व आहे. हा रंग पक्षी स्वतःच्या शरीरात मुळापासून निर्माण करू शकत नाही. गाजराला आणि पपईला ज्या द्रव्यांनी रंग येतो त्या कॅरोटिनॉइड वर्गातील द्रव्ये अन्नावाटे त्याच्या पोटात जावी लागतात. उन्हाळ्याच्या अखेरीस जुनी पिसे गळून नवी येत असताना जे खाल्ले असेल त्याप्रमाणे नराचा रंग उतरतो. कोणी गर्द लाल, कोणी नारिंगी, तर कोणी नुसताच पिवळट. हवाई बेटांवर हा पक्षी एकोणिसाव्या शतकातच नेण्यात आला होता. तेथे पिवळे व नारिंगी नर पुष्कळ आढळतात. जेफ्री हिल या अमेरिकन शास्त्रज्ञाने या रंगाचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यास असे आढळले की, माद्या गर्द लाल नराला पसंती देतात, आणि असे नर घरट्यावरच्या मादीला अधिक तत्परतेने चारा आणून देतात. तेव्हा मादीची निवड वाटते तितकी केवळ सौंदर्यासक्त नाही.

हाउस फिंचचा आहार जवळजवळ पूर्णपणे शाकाहारी आहे. गवताच्या व रानफुलांच्या बिया, कळ्या, फळे यांवर तो जगतो. कॅलिफोर्नियातील बागाईतदार चेरी आणि पीच यांची नासाडी करणारा म्हणून त्याच्यावर जुना दात धरून आहेत. धान्य खाणारे बहुतेक पक्षी पिलांना मात्र किडे-अळ्या भरवतात. हाउस फिंच पिलांनाही बियांचा मऊ लगदाच भरवतो. याचा एक विलक्षण परिणाम दिसून येतो. अमेरिकेत काउबर्ड नावाचा पक्षी आपल्याकडील कोकिळेप्रमाणे परक्या घरट्यात अंडी घालतो. त्याने हाउस फिंचच्या घरट्यात अंडे घातले, तर त्यातून पिलू बाहेर पडते, सावत्र आईबाप त्याला भरवतातही. परंतु नुसत्या बियांवर ते तग धरीत नाही आणि थोड्याच दिवसांत मरते. फसवणाऱ्याचीच येथे फसगत होते.

घरट्याच्या जागेविषयी या पक्ष्याची मुळीच कुरकुर नसते. मूळच्या वाळवंटी प्रदेशात निवडुंगाच्या काट्यांत, गावात वेलींच्या जाळीत, खिडकीच्या कठड्यावर, दिव्याच्या खांबावर, एवढेच काय, दारावर टांगलेल्या शोभेच्या पर्णमालेत किंवा फुलझाडाच्या टांगत्या कुंडीतही मादी काड्या-गवताची वाटी विणते. अंडी बहुधा चार किंवा पाच, फिकट निळसर, त्यांवर बारीक काळे ठिपके. सुमारे दोन आठवडे मादी अंडी उबवते व नर तिला भरवतो. नराचे गाणे लांबलचक आणि गुंतागुंतीचे असते. सूर एकमेकांत मिसळत जातात आणि शेवटी पुष्कळदा घर्षणाचा आवाज व्हावा तसा एक खरखरीत, ओढलेला स्वर येतो. आकृती न पाहता केवळ कानाने हाउस फिंच ओळखायचा तर तो शेवटचा स्वर ध्यानात ठेवावा.

हेच गाणे त्याला पिंजऱ्यात घेऊन गेले. त्याचा मूळ प्रदेश म्हणजे मेक्सिको आणि संयुक्त संस्थानांचा पश्चिम भाग. कॅलिफोर्नियात तो मुबलक. तेथून हे पक्षी पकडून न्यूयॉर्कच्या दुकानांत ‘हॉलिवूड फिंच’ या दिमाखदार नावाने विकले जात. चित्रपटांच्या नगरीचे नाव लावले की माल खपतो, हा व्यापाऱ्यांचा हिशेब. परंतु स्थलांतरी पक्ष्यांच्या संरक्षणासाठी १९१८ मध्ये केलेल्या कायद्याने अशा देशी पक्ष्यांना पकडणे व विकणे हा गुन्हा ठरला होता. १९४० मध्ये एका जागरूक पक्षिनिरीक्षकाने ब्रुकलिनमधील दुकानात हे पक्षी पाहिले आणि ऑडुबॉन संस्थेला कळवले. चौकशीला सुरुवात झाली. कारवाईच्या धास्तीने विक्रेत्यांनी पक्षी सोडून दिले, असे सांगितले जाते. पुढील वर्षीच लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर एक मोकळा हाउस फिंच दिसला आणि १९४३ मध्ये त्या बेटावर घरटेही सापडले. एलियट आणि आर्बिब या दोघांनी १९५३ मध्ये ही सारी हकिगत ‘द ऑक’ या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात नोंदवून ठेवली आहे. तोपर्यंत या पाखरांची वस्ती न्यूयॉर्कच्या आसपासच होती.

त्यानंतरचा प्रसार मात्र थक्क करणारा आहे. उपनगरे वाढत गेली. प्रत्येक नव्या घराबरोबर हिरवळ, झुडपे आणि दाण्यांची नळी आली. वाळवंटातल्या या पक्ष्याला जणू त्याच्यासाठीच मांडलेला संसार मिळाला. दर दशकाला त्याची सीमा पश्चिमेकडे सरकत गेली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्वेकडून निघालेली वस्ती मध्यवर्ती गवताळ मैदानांत मूळच्या पश्चिमी वस्तीला येऊन भिडली. आणखी एक मौज अशी की, कॅलिफोर्नियातील त्याचे पूर्वज बहुतेक वर्षभर एकाच ठिकाणी राहणारे. परंतु पूर्वेकडील कडक थंडीत काही पिढ्यांतच त्यांच्यापैकी बरेच पक्षी हिवाळ्यात दक्षिणेकडे जाऊ लागले. स्थलांतराची वृत्ती उमटायला युगे लागतात असा जो सर्वसाधारण समज आहे, त्याला या पाखराने चांगलाच धक्का दिला.

१९९४ च्या प्रारंभी वॉशिंग्टनच्या परिसरातील लोकांना दाण्यांच्या नळीवर विचित्र दृश्य दिसू लागले. हाउस फिंचचे डोळे सुजलेले, त्यांतून पाणी गळते आहे, पापण्या चिकटलेल्या आणि भोवती खपली. अशी पाखरे उडता उडता फांदीवर आपटत, नळीचे भोक चाचपडत. तपासणीत जो जंतू निघाला तो कुक्कुटपालकांच्या चांगल्या परिचयाचा होता: मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम. कोंबड्या आणि टर्की यांच्या श्वसनरोगाला तो कारण होतो. माणसाला त्याची बाधा होत असल्याचे आढळलेले नाही. तो कोंबड्यांतून या रानपाखरात उतरला. प्रत्यक्ष रोगाने मरण्यापेक्षा आंधळेपणामुळे उपासमारीने, थंडीने किंवा मांजराच्या तावडीत सापडून ही पाखरे मरत.

कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात घरोघरच्या हौशी निरीक्षकांना आवाहन केले. दररोज नळीवर आलेल्या पाखरांत निरोगी किती व रोगी किती, एवढीच नोंद त्यांनी करावयाची होती. निवृत्त शिक्षक, गृहिणी, विद्यार्थी अशा असंख्य लोकांच्या टिपणांतून साथीचा प्रवास नकाशावर उमटला. सुमारे तीन वर्षांत तिने पूर्वेकडील सारा प्रदेश व्यापला होता. जेथे पाखरे अधिक दाट होती तेथे संख्या अधिक घसरली, पुष्कळ ठिकाणी निम्म्याहूनही खाली. पुढे रोगाने रॉकी पर्वत ओलांडले व मूळच्या पश्चिमी पक्ष्यांनाही गाठले.

येथे त्या लालीचा पुन्हा संबंध येतो. साथीतून जगलेल्या नरांत गर्द लाल नरांचे प्रमाण अधिक आढळले. पिसे बदलताना जो नर रोगाने ग्रासलेला असतो त्याची नवी पिसे फिकी व पिवळट येतात, हेही प्रयोगांनी दाखवून दिले. म्हणजे मादी लाल छाती पाहून आपला जोडीदार निवडते तेव्हा, तिला ठाऊक असो वा नसो, त्याच्या प्रकृतीचा दाखलाच ती वाचीत असते. पक्ष्यांनी हळूहळू रोगाला तोंड देण्याची शक्ती मिळवली. पण जंतूही स्वस्थ बसला नाही. एकदा बऱ्या झालेल्या पक्ष्याची प्रतिकारशक्ती अपुरी राहते. सौम्य जंतूला ती अडवते, उग्र जंतू मात्र तिच्यातून निसटतो. त्यामुळे उत्तरोत्तर अधिक उग्र जंतूंचीच सरशी होत गेली, असा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा निष्कर्ष आहे.

या साऱ्यात दाण्यांच्या नळीचा वाटा केवढा? प्रयोगांचे उत्तर गैरसोयीचे आहे. नळीच्या भोकात डोके घालताना पक्ष्याचा डोळा कडेला घासतो, तेथे चिकटलेला स्राव पाठोपाठ येणाऱ्या पक्ष्याला लागतो. जो पक्षी दिवसाचा अधिक काळ नळीवर घालवतो तोच रोग मिळवतो व पसरवतोही. थंडीत पाखरे मरू नयेत म्हणून माणसाने टांगलेले पात्र असे साथीचे केंद्र बनते. म्हणून तेथील पक्षितज्ज्ञांचा सल्ला असा: पात्र निदान दोन आठवड्यांनी एकदा उतरवावे, नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून धुवावे, पूर्ण वाळल्यावरच पुन्हा भरावे, आणि खाली साचलेली टरफले झाडून काढावीत. रोगी पाखरू दिसले तर काही दिवस पात्र काढूनच ठेवावे, म्हणजे पाखरे पांगतात.

सुजल्या डोळ्याचे पाखरू हाती लागले की त्याला घरी आणून औषध घालण्याचा मोह होतो. परंतु १९१८ चा तोच कायदा, ज्याच्या भीतीने हे पक्षी पिंजऱ्यातून सुटले, विनापरवाना ते पकडून ठेवण्यास आजही मनाई करतो. ते परवानाधारक उपचारकाकडेच सोपवावे लागते. त्याला शास्त्रीय कारणही आहे: औषधाने सूज उतरली, डोळा उघडला, पाखरू पुन्हा दाणे टिपू लागले, तरी जंतू त्याच्या अंगात राहिलेला असू शकतो.