कर्ज, कायदा आणि आपण

(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील बचत गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून तुम्ही बोलत होतात, मी ऐकत होते. कुणी रोवणीच्या मजुरीसाठी कर्ज काढले, कुणी लेकीच्या लग्नासाठी, कुणी नवऱ्याच्या दवाखान्यासाठी. कारणे निरनिराळी, पण वाक्य जवळजवळ प्रत्येकीचे एकच होते : "ताई, सही तर माझीच हाये ना." या सहीच्या भीतीबद्दलच मला आज बोलायचे आहे.

कर्ज आपल्या भागाला नवे नाही. एक खंडी धान न्यायचे आणि दीड खंडी परत करायचे, ही दिढी आपल्या आज्यांनाही ठाऊक होती. १९७५ मध्ये, आणीबाणीच्या काळात, महाराष्ट्राने कर्जमुक्तीचा कायदा केला आणि लहान शेतकरी, ग्रामीण कारागीर व मजूर यांना सावकारी कर्जातून सोडवले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. पण जुने कर्ज गेले म्हणून श्रावणातली चूल पेटत नाही. त्या दिवसांसाठी १९७८ पासून आदिवासी कुटुंबांना खावटी कर्ज मिळू लागले.

मग आपण बचत गट केले. दर महिन्याला जमायचे, हिशेब लिहायचा, एकमेकींची हमी घ्यायची, ही सवय आपण चळवळीतल्या बायांनी लावली. पुढे फायनान्स कंपन्या आल्या आणि त्यांनी नेमकी हीच सवय उचलली. आज एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या नऊजणी तिच्या दारात बसतात. वसुली करणारा माणूस मोटारसायकलवर आरामात उभा असतो आणि भांडण बायाबायांत लागते. याचा विचार आपण वेळीच केला नाही, हे मी कबूल करते.

आता भीतीकडे येऊ. "पोलीस नेतील, तुरुंगात टाकतील." कर्ज फेडता आले नाही, एवढ्यावरून पोलीस कुणाला अटक करू शकत नाहीत. हा दिवाणी व्यवहार आहे. कोर्टाने पैसे भरण्याचा हुकूम दिला तरी त्याच्या वसुलीसाठी बाईला अटक करता येत नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ५६ तसे स्पष्ट सांगते. त्याच संहितेचे कलम ६० सांगते की अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, धर्माच्या रीतीप्रमाणे बाईने काढू नयेत असे दागिने, शेतकऱ्याची अवजारे आणि बियाणे यांवर जप्ती येत नाही. म्हणजे मंगळसूत्राकडे बोट दाखवणाऱ्याला आपण कलम दाखवू शकतो. फक्त कोरा चेक देऊ नका. चेक वटला नाही तर फौजदारी खटला होतो, तिथे मात्र गप्प बसून चालत नाही. नोटीस हातात पडल्यापासून १५ दिवस असतात. त्याच दिवशी वकिलाकडे जायचे.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे कोणतीही स्त्री आणि अनुसूचित जाती-जमातीची कोणतीही व्यक्ती मोफत वकील मागू शकते. तिचे उत्पन्न विचारायचे नसते. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणा, असे कुणी म्हटले तर हे कलम सांगा. अर्ज साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, लिहून घेणे त्यांचे काम आहे. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याला समिती असते. फोन १५१००.

लोकअदालतीची नोटीस आली की बाया गाव सोडून जातात. जाऊ नका. तिथे तुमच्या संमतीशिवाय निवाडा होत नाही. पण एकदा तडजोडीवर सही केली की त्यावर अपील नाही. म्हणून वकील किंवा जाणती कार्यकर्ती बरोबर घेतल्याशिवाय तिथे अंगठा द्यायचा नाही.

कर्ज कुणाचे आहे, हे आधी ओळखा. रिझर्व बँकेकडे नोंदलेल्या कंपन्यांना राज्याचा सावकारी कायदा लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. त्यांच्यावर रिझर्व बँकेचे नियम आहेत. छोट्या कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन नाही, शिवीगाळ नाही. वसुली ठरलेल्या जागीच. तिथे लागोपाठ दोनदा तुम्ही आला नाहीत, तरच घरी येता येते. घरातले सगळे हप्ते मिळून कुटुंबाच्या महिन्याच्या कमाईच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवे. आता माडिया बोलणाऱ्या बाईच्या हातातले कार्ड कुठल्या भाषेत आहे, ते तुम्हीच बघा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर नाही तर रिझर्व बँकेच्या लोकपालाकडे. फी नाही, वकील लागत नाही. फोन १४४४८.

गावातला सावकार ही वेगळी गोष्ट. डिसेंबर २०२५ मध्ये आपल्याच नागभीड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची हकिकत बाहेर आली. एक लाखाचे कर्ज सावकारांनी ७४ लाखांवर नेले आणि ते फेडायला कंबोडियात जाऊन किडनी विकली, असे त्याने सांगितले. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. कायदा होता, कार्यालय होते. त्या माणसापर्यंत दोन्हींपैकी काहीच पोचले नाही.

याच कायद्याच्या कलम १८ प्रमाणे अवैध सावकाराने गेल्या १५ वर्षांत व्याजापायी घेतलेली जमीन परत मिळवता येते. अर्ज सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करायचा. आदिवासीची जमीन असेल तर महसूल संहितेचे कलम ३६ही आहे. आणि १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात आदिवासींना होणाऱ्या सावकारीवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभा व पंचायतींकडे दिला आहे. तेंदूपत्ता आणि बांबू स्वतः विकणाऱ्या ग्रामसभा आपल्याकडे आहेत. सावकारीवर ठराव घेतलेल्या किती आहेत?

मोफत वकील मिळाला म्हणजे काम झाले, असे मात्र मी म्हणणार नाही. तारखेला येणारा वकील कधी कागद न वाचताच येतो. भामरागडहून गडचिरोलीला जायचे तर मजुरी बुडते, आणि भाडे पुन्हा उसनेच घ्यावे लागते. म्हणून प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक, ज्यांना पॅरा लीगल म्हणतात, ते तुमच्यातून व्हायला हवेत. २००९ पासून ही योजना आहे. वकिलाची पदवी लागत नाही. प्रत्येक गटातून एकीचे नाव आज लिहून द्या.

ज्यांनी कार्डे आणि नोटिसा आणल्या आहेत, त्यांनी जेवणानंतर या झाडाखाली बसावे. ज्यांना वाचता येते त्या एकेका कागदाजवळ बसतील. आधी तारीख बघायची, मग आकडा. चेकच्या नोटिसा वेगळ्या काढा, त्या आपण सगळ्यांत आधी घेऊ.