स्पर्शाविना पटणारी ओळख

(संस्थेच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रुग्णालयातील वस्तूंवर, आणि पुढेमागे रुग्णांच्या मनगटावरही, बिनस्पर्शी ‘स्मार्ट टॅग’ लावावेत अशी एक सूचना विश्वस्त मंडळापुढे आलेली आहे. तिचा निर्णय होण्यापूर्वी ही वस्तू काय आहे, व्यापारात ती कोठे उपयोगी पडते आणि रुग्णालयाने तिच्यावर कितपत विसंबावे, हे सर्वांना समजेल अशा रीतीने सांगावे, असे मला सुचविण्यात आले. मी इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्षक आहे, विक्रेता नव्हे. त्यामुळे गुणांबरोबर दोषही सांगण्याची मोकळीक मी घेणार आहे. खर्च व्हावयाचा पैसा देणगीचा आहे, तेव्हा देणाऱ्यांना तो कशावर खर्च होणार हे नीट कळले पाहिजे.

हे टॅग आपणापैकी बहुतेकांच्या वापरात आहेतच. मोटारीच्या काचेवर चिकटविलेला फास्टॅग, चार वक्र रेघांचे चिन्ह असलेले बँकेचे कार्ड, मेट्रोच्या फाटकावर टेकवावयाचे कार्ड, मोठ्या दुकानांतील कपड्यांना लावलेले काही कागदी लेबल, ही सारी एकाच कुळातील मंडळी. असे एखादे लेबल उजेडासमोर धरून पाहावे. आत धातूची एक नागमोडी किंवा चौकोनी वळणांची रेघ दिसते आणि तिच्या मध्यावर मोहरीच्या दाण्याहूनही लहान असा एक काळा ठिपका. रेघ म्हणजे अँटेना, ठिपका म्हणजे चिप. यापलीकडे आत काही नाही. विद्युतघट तर नाहीच.

मग घटाविना ही चिप बोलते कशी? याचे उत्तर १८३१ साली मायकेल फॅरेडे यांनी दाखविलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनात आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तारेचे वेटोळे ठेवले तर त्यात वीज निर्माण होते. बँकेच्या कार्डासाठी दुकानात जे यंत्र असते, ज्याला आपण रीडर म्हणतो, ते सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा उलटसुलट होणारे चुंबकीय क्षेत्र आपल्याभोवती निर्माण करते. शास्त्रीय भाषेत ही वारंवारिता १३.५६ मेगाहर्ट्झ. कार्ड चार बोटांच्या अंतरावर आले की त्यातील वेटोळ्यात वीज उपजते, चिप जागी होते आणि कार्ड दूर नेताच पुन्हा निद्रिस्त होते.

जागी झालेली चिप उत्तर देते ती रीतही पाहण्यासारखी आहे. झोपाळ्यावर कुणी बसले आहे आणि आपण मागून झोका देत आहोत असे समजा. बसलेल्याने मधूनच पाय जमिनीला टेकविले तर आपल्याला ते न पाहताही हाताला कळते. झोका जड लागतो. चिप नेमके हेच करते. रीडरने दिलेल्या विजेचा भार ती ठरावीक लयीत कमीअधिक करते आणि रीडरला आपल्याच वेटोळ्यात तो जडपणा जाणवतो. जड, हलके, जड, जड, हलके, या क्रमातून अंक वाचले जातात.

फास्टॅगचा प्रकार थोडा वेगळा आहे. तेथे अंतर काही मीटरचे असते, म्हणून भारतात ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरी वापरतात. लहानपणी आरशाने भिंतीवर कवडसा पाडण्याचा खेळ आपण सर्वांनी खेळला असेल. ऊन सूर्याचे, मुलाच्या हातात केवळ आरसा. परंतु आरसा हाताने झाकीत व उघडीत राहिले तर समोरच्या खिडकीतील मित्राला खूण करता येते. टोलनाक्यावरील यंत्र ‘ऊन’ पाठविते आणि काचेवरील टॅग त्यातलेच थोडे ऊन झाकून-उघडून परत धाडतो. परावर्तित शक्तीने संदेश पाठविता येईल हा विचार हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ साली एका निबंधात मांडला होता. स्वस्त चिप तयार होईपर्यंत त्या विचाराला काही दशके वाट पाहावी लागली.

अनेक टॅग एकाच वेळी समोर आले तर गलका होणार हे उघड आहे. त्यावरचा उपाय शाळेतल्या हजेरीची आठवण करून देणारा आहे. रीडर सर्वांना सांगतो की प्रत्येकाने मनात एक अंक धरावा, आणि मग एकेक पाळी पुकारतो. ज्याचा अंक येईल त्याने बोलावे. दोघांचा एकच निघाला तर त्यांनी पुढच्या फेरीत पुन्हा अंक धरावा. हे सारे इतक्या वेगाने होते की एका सेकंदात शेकडो टॅग वाचून होतात. बारकोडपेक्षा हा प्रकार सरस ठरतो तो येथे. बारकोड एकेक करून, डोळ्यांसमोर आणून वाचावा लागतो. शिवाय साबणाच्या सर्व वड्यांवर तो एकच असतो. टॅग मात्र प्रत्येक नगाला स्वतंत्र क्रमांक देऊ शकतो आणि पेटी न उघडता वाचता येतो.

येथवर ऐकल्यावर टॅगमध्ये फार मोठी माहिती साठविलेली असावी असा समज होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. साधा टॅग एवढेच म्हणतो, “मी अमुक क्रमांकाचा, येथे आहे.” तो क्रमांक कोणाचा, त्याच्या खात्यात काय आहे, हे सर्व दुसरीकडे, नोंदवहीत असते. फास्टॅगचेच पाहा. १६ फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर तो सर्व मार्गिकांत अनिवार्य झाला. टॅगमध्ये पैसे नसतात. ते बँकेतील अथवा अन्य जोडलेल्या खात्यात असतात. कोणते टॅग नाकारावयाचे त्यांची यादी नाक्यावर आधीच पोहोचलेली असते, तिच्याशी क्रमांक ताडून फाटक उघडते, आणि हिशेब मागाहून पुरा होतो. २०२२ च्या जून महिन्यात एका मुलाने मनगटी घड्याळाने फास्टॅगमधून पैसे पळविल्याची चित्रफीत घरोघरी फिरली होती. ती खोटी होती, कारण नोंदणीकृत नाक्यावाचून इतर कोणाच्याही खात्यात त्या मार्गाने पैसे जाऊच शकत नाहीत. चोरीपासून रक्षण टॅगने केले नाही, त्यामागच्या व्यवस्थेने केले.

बँकेच्या कार्डातील चिप याहून हुशार असते. ती प्रत्येक व्यवहारासाठी नवे गुप्त उत्तर तयार करते, त्यामुळे एकदा चोरून ऐकलेले उत्तर दुसऱ्यांदा चालत नाही. तरीही १ जानेवारी २०२१ पासून पिनशिवाय होणाऱ्या व्यवहाराची कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेने ५,००० रुपये ठेवली.

व्यापारात या टॅगांचा प्रवास सरळ झालेला नाही. अमेरिकेतील वॉलमार्ट या प्रचंड दुकानसाखळीने २००३ साली आपल्या सर्वांत मोठ्या १०० पुरवठादारांना सांगितले की, जानेवारी २००५ पर्यंत मालाच्या खोक्यांवर टॅग लावावेत. फार गाजावाजा झाला. प्रत्यक्षात काम रखडत गेले. त्या खोक्यांत पेये होती, डबे होते. पाणी या लहरी शोषून घेते आणि धातू त्या परतवून लावतो, त्यामुळे वाचन अपुरे राही. खर्च पुरवठादाराचा आणि लाभ दुकानदाराचा, हीही तक्रार होतीच. टॅग खऱ्या अर्थाने रुजला तो कपड्यांच्या धंद्यात. एकाच सदऱ्याचे सहा मापे व पाच रंग म्हणजे तीस प्रकार होतात, आणि नेमके हवे ते माप मागील खोलीत असूनही सापडत नाही. तेथे हातातील रीडर मांडणीवरून फिरविला की मोजदाद पुरी होते. डेकॅथलॉन किंवा युनिक्लोच्या अनेक दुकानांत तर गिऱ्हाइकाने खरेदी एका खोलगट पेटीत ठेवली की बिल तयार होते. कापडात धातू नाही, पाणी नाही, आणि नगांची संख्या मोठी. टॅगला याहून अनुकूल घर नाही.

ही गोष्ट मी विस्ताराने सांगितली, कारण रुग्णालयातही कापड आहे.

चादरी, उशांचे अभ्रे, शस्त्रक्रियेचे झगे रोज धुलाईला जातात. गेलेले किती, आलेले किती, फाटून बाद झालेले किती आणि बाद न होताच नाहीसे झालेले किती, याचा मेळ क्वचितच बसतो. गरम पाण्याची धुलाई व इस्त्री सोसणारे, शिवणीत बसविता येणारे टॅग मिळतात. हॉटेले आणि धुलाईचे कारखाने ते वापरतात. माझ्या मते आरंभ येथून करावा. पाठोपाठ फिरत्या वस्तू घ्याव्यात: चाकाच्या खुर्च्या, सलाइनचे पंप, हृदयालेख काढण्याची यंत्रे. रात्रपाळीच्या परिचारिका भगिनींना पंपासाठी तीन मजले हिंडावे लागते ते पंप कमी असल्यामुळे की ते कोठे आहेत हे ठाऊक नसल्यामुळे, हे नोंदींवरून कळेल. नवा पंप विकत घेण्यापूर्वी ते कळणे देणगीदारांच्याही हिताचे आहे. मात्र पंपाची पाठ धातूची असल्यास साधे लेबल तेथे मुके होते. त्यासाठी धातूवर चालणारे, थोडे जाड व महाग टॅग घ्यावे लागतात. एका साध्या लेबलाला काही रुपये पडतात, यंत्रांना हजारो ते लाखो. विक्रेते लेबलाची किंमत आधी सांगतात.

रक्ताच्या पिशव्यांचे काय, असा प्रश्न रक्तपेढीच्या मंडळींनी मला आधीच विचारला आहे. पिशवी म्हणजे द्रवच, म्हणून तेथे लांब पल्ल्याच्या लहरी फसतात, १३.५६ मेगाहर्ट्झचे जवळून वाचले जाणारे टॅग चालतात. शीतकपाटातून कोणती पिशवी कधी बाहेर निघाली याची आपोआप नोंद होणे मोलाचे आहे. परंतु पिशवी जुळली म्हणजे रुग्ण जुळला असे होत नाही. खाटेजवळ दोघांनी मिळून करावयाची पडताळणी, आणि “आजी, आपले पूर्ण नाव सांगता का?” हा ओळखीच्या रुग्णालाही विचारावयाचा प्रश्न, यांतील काहीही टॅग आला म्हणून वगळता येणार नाही. पिशवीवरील छापील बारकोडही ठेवावाच. वीज गेली, रीडर बिघडला, तरी छापील अक्षर वाचता येते.

आता सर्वांत नाजूक भाग, रुग्णाच्या मनगटाचा. मनुष्यदेहात मोठा अंश पाण्याचा आहे. लांबून वाचावयाचा टॅग असलेला हात अंगाखाली गेला तर तो यंत्राला दिसेनासा होईल. पडद्यावर रुग्ण ‘नाही’ असे दिसले याचा अर्थ तो खाटेवर नाही असा घेणे धोक्याचे ठरेल. दुसरी बाब अतिदक्षता विभागाची. ॲम्स्टरडॅममधील संशोधकांनी २००८ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४१ वैद्यकीय उपकरणांजवळ रीडर नेऊन त्यांनी १२३ चाचण्या केल्या. ३४ वेळा उपकरणांच्या कामात अडथळा आला आणि त्यांपैकी २२ प्रसंग त्यांनी घातक या वर्गात टाकले. प्रयोग रुग्णांवर नव्हता, आणि अडथळा बहुधा रीडर अगदी जवळ आल्यावर येई. उपकरणेही पुढे सुधारली आहेत. तरीसुद्धा आपल्या येथील कृत्रिम श्वसनयंत्रे व पंप यांच्याजवळ, रुग्ण जोडलेला नसताना, जैववैद्यकीय अभियंत्यांनी स्वतः चाचणी केल्यावाचून अतिदक्षता विभागात एकही रीडर नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विक्रेत्याचे प्रमाणपत्र या चाचणीची जागा घेऊ शकत नाही.

राहिला प्रश्न मर्यादेचा, लाजेचाही म्हणा. अमेरिकेत २००४ साली व्हेरिचिप नावाच्या, त्वचेखाली बसविण्याच्या तांदळाएवढ्या टॅगला शासकीय मान्यता मिळाली होती. बेशुद्ध रुग्णाची ओळख त्यावरून पटावी हा हेतू चांगला होता. लोकांनी मात्र ती कल्पना स्वीकारली नाही आणि २०१० साली ते उत्पादन बंद झाले. साधा टॅग कोण विचारतो आहे ते पाहत नाही. जो रीडर विचारील त्याला तो क्रमांक सांगतो. म्हणून मनगटपट्टीत रुग्णाचे नाव, आजार, औषध यांतील काहीही साठवू नये. केवळ एक निरर्थक क्रमांक असावा, तो घरी जाताना पट्टीबरोबर कापून नष्ट व्हावा. क्रमांकामागील नोंदी कोण पाहू शकतो याची लेखी यादी असावी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला आहे, परंतु क्षयरोगाच्या अथवा मानसोपचाराच्या वॉर्डात पडून असलेल्या माणसाला कायद्याचे कलम ठाऊक नसते. त्याचा भरवसा या इमारतीवर असतो. आप्तजनांनीही “या पट्टीत काय लिहिले आहे?” असे निःसंकोच विचारावे आणि त्यांना उत्तर मिळावे.

विश्वस्त मंडळाला माझी सूचना अशी की, प्रथम एकाच वॉर्डातील कापडावर तीन महिने प्रयोग करावा. टॅगांच्या मोजणीबरोबर दर आठवड्याला हातानेही मोजणी व्हावी आणि दोन्हींतील फरक लिहून ठेवावा. परिचारिका व धुलाई कर्मचारी यांचे काम कमी झाले की वाढले, हे त्यांनाच विचारून नोंदवावे. हे सर्व आकडे, प्रतिकूल असले तरी, पुढील वार्षिक अहवालात याच पानांवर छापावेत. मनगटपट्टीचा विषय त्यानंतर मंडळापुढे घ्यावा.

 रक्तपेढीच्या आणखी काही शंका आहेत. त्यांसाठी मी येथेच थांबणार आहे.