हरितगृहातील हवेचा ओलावा : एक दुर्लक्षित बाब

संरक्षित शेतीविषयीची चर्चा आपल्याकडे बहुधा उभारणीपाशी सुरू होते आणि अनुदानापाशी संपते. २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय फलोत्पादन अभियानाने, आणि २०१४-१५ पासून त्याला सामावून घेणाऱ्या एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाने, हरितगृहांना अर्थसाहाय्य दिले. ते स्वागतार्हच होय. मात्र कर्ज काढून उभारलेल्या हरितगृहातील ढोबळी मिरची वा गुलाब हाती लागणार की नाही, हे पुष्कळदा छताखालच्या अदृश्य बाष्पावर ठरते.

सापेक्ष आर्द्रतेची व्याख्या परीक्षार्थींना पाठ असते. तथापि तिच्यातील ‘सापेक्ष’ या विशेषणाकडे पुरेसे लक्ष जात नाही. २५ अंश सेल्सिअसची एक घनमीटर हवा सुमारे २३ ग्रॅम बाष्प सामावू शकते. १८ अंशांस ही क्षमता साधारण १५ ग्रॅमवर येते. म्हणजेच सायंकाळी २५ अंशांस ६५ टक्के आर्द्रता दाखवणारी, वरकरणी निर्धोक हवा बंद हरितगृहात पहाटे १८ अंशांपर्यंत निवली की थेंबभरही पाणी न वाढता संपृक्त होते. दवबिंदू तो हाच. आवरणाच्या आतील बाजूस साचलेले थेंब पानाफुलांवर पडतात, आणि ती काही तास ओली राहिली की राखाडी बुरशीचे बीजाणू अंकुरतात. भुरीला तर पानावर पाणीही लागत नाही. दमट रात्र तिला पुरते. त्यामुळे पाने कोरडी दिसतात म्हणून निश्चिंत राहणे धोक्याचेच.

रोगांव्यतिरिक्त आणखी एक नुकसान संभवते. हवा संपृक्त झाली की बाष्पोत्सर्जन मंदावते आणि त्या प्रवाहाबरोबर वर चढणारे कॅल्शियम कोवळ्या भागांपर्यंत पोहोचत नाही. लेट्यूसच्या पानांच्या कडा करपतात त्या यामुळे. जमिनीत कॅल्शियम मुबलक असूनही! याउलट हवा अतिशय कोरडी झाल्यास पर्णरंध्रे मिटतात व प्रकाशसंश्लेषण घटते.

उपाय खर्चिक नाहीत. सिंचन सकाळी उरकावे, खालची जुनी पाने काढून झाडांत हवा खेळती ठेवावी आणि पहाटे थंडीच्या भीतीने पडदे घट्ट न लावता छताचा झरोका थोडा उघडावा. बाहेरची हवा थंड असली तरी आत येऊन तापताच तिची सापेक्ष आर्द्रता घटते. फॉगरचा वापर दुपारी, अल्पकाळच करावा.

एकच आराखडा देशभर चालत नाही, हेही ध्यानात घ्यावे लागेल. पंखे व ओल्या पॅडची शीतकरण पद्धत राजस्थानच्या किंवा विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात प्रभावी ठरते. केरळात वा कोकणात पावसाळ्यात ३० अंश तापमान व ९० टक्के आर्द्रता असताना तीच यंत्रणा हवा जेमतेम एक-दीड अंशाने थंड करील, आणि ओलावा मात्र वाढवील. तेथे बाजू मोकळ्या असलेला पर्जन्य-निवारा अधिक शहाणपणाचा.

आर्द्रतामापक दाराजवळच्या खांबावर टांगलेला आढळतो, तेव्हा तो दाराची आर्द्रता सांगत असतो. त्याची जागा झाडांच्या उंचीवर, सावलीत, पिकाच्या दाटीत आहे.