पद्मिनीचा ढिला गिअर

कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी अजून हौसेनं सांभाळणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली: स्टिअरिंगजवळचा गिअर ढिला झालाय. लगेच गिअरबॉक्स उतरवू नका. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतो आणि चालू असताना करकरतो? मग दोष बहुधा क्लचचा. लिव्हर नुसताच डुलत असेल, तर बॉनेट उघडा. इंजिन बंदच ठेवून एकानं लिव्हर हलवावा, दुसऱ्यानं लिव्हरपासून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या रॉडच्या सांध्यांकडे बघावं. लिव्हर हलूनही रॉड जिथं ढिम्म राहतो, तिथला बुश झिजलाय. वस्तू स्वस्तातली, पण गॅरेजमधून पुष्कळदा नुसतं ग्रीस थापून गाडी परत मिळते! वाळलेलं ग्रीस रॉकेलनं पुसून काढा, बुश बदला, मग रॉडची लांबी जुळवा. एवढं करूनही चालत्या गाडीत गिअर निसटतच राहिला, तर मात्र गिअरबॉक्स उघडावा लागेल.