माणसाइतकी अक्कल म्हणजे किती?



‘मानवी पातळीची कृत्रिम बुद्धिमत्ता’ असा भारदस्त विषय चिटणीसबाईंनी मला दिला, तेव्हा आमच्या घरी सारे हसले. सातवी शिकलेली बाई यावर काय बोलणार? पण यंत्राला माणसाइतकी अक्कल आली असे म्हणायचे, तर आधी माणसाच्या अकलेचे माप ठरवायला हवे. आणि मापट्याशी आपला संबंध रोजचाच!

इंग्लंडातील गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९५० साली एक माप सुचविले. दुसऱ्या खोलीतून टंकलिखित प्रश्नोत्तरे करावीत. उत्तरे यंत्राची की माणसाची हे ओळखता येईना, तर यंत्र विचार करते असे मानावे. पुढे बुद्धिबळाचे माप आले. १९९७ साली ‘डीप ब्लू’ या यंत्राने जगज्जेते कास्पारोव्ह यांना हरविले, तर पुष्कळजण म्हणाले, ही नुसती आकडेमोड! आता यंत्रे पत्रे लिहितात, परीक्षाही उत्तीर्ण होतात. तरी ती माणसाइतकी झाली का, यावर जाणत्यांचे एकमत नाही.

मला पटले ते माप निराळेच. ‘अ‍ॅपल’ कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, स्टीव्ह वॉझनियाक म्हणतात, यंत्राने परक्या घरात जाऊन कॉफी करून दाखवावी. हसू येते ना? पण मनाशी करून पाहा. डबा साखरेचा की मिठाचा, शेगडी कशी पेटते, पातेल्याला सांडशी लागेल की फडके पुरेल, कोणाला साखर वर्ज्य आहे, आणि दूध फुगू लागताच हात तिकडे गेला पाहिजे. (नाहीतर ओटा पुसायचे काम यंत्राचेच!) यंत्रमानवांचे अभ्यासक हान्स मोरावेक यांनी १९८८ सालीच लिहिले, की यंत्राला मोठ्यांची कोडी सोडवायला शिकविणे सोपे, पण वर्षाच्या मुलासारखे पाहणे, चालणे शिकविणे फार अवघड.

आपल्याला मात्र ‘त्यात काय डोके लागते?’ हेच ऐकायला मिळते. २०११ च्या जनगणनेत केवळ घरकाम करणारी बाई ‘काम न करणाऱ्यां’त मोजली गेली. उद्या यंत्राने परक्या ओट्यावर कॉफी केली, तर वर्तमानपत्रे त्याला बुद्धिमान म्हणतील. मग जनगणनेचा माणूस दारात येईल, तेव्हा त्याच ओट्याशी उभ्या असलेल्या बाईला तो कोणत्या रकान्यात लिहील? पुढच्या खेपेला आपण प्रत्येकीने त्याला हे विचारावे, अशी माझी सूचना आहे.